दोन दिवस बुसान: एक मासेखाऊ, एक शाकाहारी

एकशिपी

इथे कोरियावरचे धागे शोधले तर सोल आणि जेजू सोडून फारसं काही हाती लागलं नाही, म्हणून हा प्रपंच. आम्ही दोघं सोलला राहतो. मी मालवणची, नवरा पुण्याचा आणि शाकाहारी (केकमधलं अंडं चालतं, ताटात दिसलेलं चालत नाही, या पंथाचा). मे महिन्यातला एक शनिवार-रविवार काढून बुसानला जाऊन आलो. फोटो मूळ धाग्यात चढेनात, खाली प्रतिसादात टाकते.

आधी माझं मत सांगून टाकते, नाही पटलं तर खाली भांडूच. दोन दिवसांत अख्खं बुसान उरकायला जाऊ नका. नकाशात एक ठिपका दिसतो, पण हे शहर डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या फटीत लांबच लांब पसरलंय. पूर्वेला हेउंदे, पश्चिमेला गामछॉन, मध्ये मेट्रोचा तासभर प्रवास आणि सॉम्यॉनला गाडी बदलणं. यूट्यूबवरच्या याद्या बघून दिवसातून दोनदा इकडून तिकडे केलंत तर बुसानची मेट्रो तेवढी नीट बघून होईल. एक दिवस पूर्व, एक दिवस पश्चिम. आणि पश्चिम रविवारी ठेवा, कारण परतीचं बुसान स्टेशन त्याच बाजूला आहे.

सोलहून केटीएक्सने (इथली वेगवान रेल्वे) अडीच-पावणेतीन तास लागतात, साध्या डब्याचं तिकीट ५९,८०० वॉन. शनिवार सकाळच्या गाड्या आधीच भरतात, तेव्हा आयत्या वेळी स्टेशनवर जाऊन बघू म्हणू नका.

शनिवार, पूर्व. सामान हॉटेलात टाकून आधी हेदोंग योंगगुंगसा गाठलं. कोरियातली बहुतेक जुनी देवळं डोंगरात, हे मात्र समुद्राच्या खडकांवर. १३७६ मध्ये नाओंग नावाच्या भिक्षूने स्थापन केलं असं सांगतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानी आक्रमणात जळालं आणि आत्ताचं बांधकाम विसाव्या शतकातलं. हेउंदेहून १८१ नंबरची बस जाते. वाटेवर बारा राशींच्या प्राण्यांचे पुतळे, मग वाहतूक सुरक्षेचा मनोरा, ज्याच्यापाशी दगडात कोरलेलं टायर आहे. नवरा तिथे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, असा एक पुण्यात चौकाचौकात हवा.

मग १०८ पायऱ्या उतरायच्या. पायऱ्यांपाशी एक गुबगुबीत बुद्ध आहे. त्याच्या पोटाला हात लावला की मुलगा होतो म्हणे. अंग सगळं दगडी पांढुरकं आणि पोट तेवढं लोकांच्या हातांनी काळं कुळकुळीत, तेलकट चकाकणारं. आम्ही नुसते बघत होतो तर मागच्या एका आजीबाईंनी माझं मनगट धरलं आणि पोटाकडे न्यायला लागल्या. मी नवऱ्याचा हात ओढून त्या पोटावर ठेवला. आजी खूश, नवरा लालेलाल, मागची रांग हसतेय.

मेमध्ये जाण्याचा एक फायदा सांगते. इथला बुद्धजन्मदिन चौथ्या चांद्र महिन्यातल्या आठव्या दिवशी, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या बुद्धपौर्णिमेच्या आठवडाभर आधी येतो, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून देवळावर रंगीत कंदिलांचं छत असतं. प्रत्येक कंदिलाखाली नावाची नि मागण्याची चिठ्ठी. समुद्राचा वारा सुटला की हजारो चिठ्ठ्या एकदम फडफडतात. गर्दी मात्र सिद्धिविनायकाच्या मंगळवारची. शांतता वगैरे हवी असेल तर उजाडताना जा.

तिथून सोंगजॉंगला आलो आणि बीच ट्रेन पकडली. किनाऱ्यालगतचा जुना रेल्वेमार्ग २०१३ मध्ये आतल्या बाजूला हलवला, रिकाम्या पडलेल्या रुळांवर २०२० पासून ही पर्यटकांची गाडी चालते. सोंगजॉंग ते मिफो ४.८ किलोमीटर, सगळी बाकं समुद्राकडे तोंड करून. वरच्या उंच रुळांवरून त्या रंगीत कॅप्सूल जातात, इन्स्टावर तुम्ही बघितल्याच असणार. दोघांना अख्खी डबी मिळते, पण मिफो ते छॉंगसाफो एवढ्या दोन किलोमीटरला अर्धा तास घेतात. आम्हाला तिकीट मिळालं नाही आणि खालून त्यांचा वेग बघितल्यावर हळहळही वाटली नाही. सूर्य समोर असेल तर आत नक्की भरीत होत असणार.

छॉंगसाफोला मात्र उतराच. छोटं कोळीबंदर आहे, एक पांढरं आणि एक लाल दीपगृह, आणि शिंपल्या भाजून देणारी दुकानं ओळीने. टेबलात निखारे, वर जाळी, हातमोजा आणि चिमटा तुमच्या हातात देतात. मोठ्या शिंपल्यात कांदा, चीज आणि तिखट लाल वाटण घालून ते रटरटायला लागलं की खायचं. मधूनच एखादी शिंपली फाटकन फुटते आणि कपची उडते, त्यामुळे नवऱ्याने स्वतःची खुर्ची हातभर मागे घेतलेली. त्याच्या वाट्याला चीज घातलेले मक्याचे दाणे आणि भाजलेलं रताळं आलं. उपासाला आल्यासारखा बसला होता बिचारा.

हेउंदेचा किनारा दीडेक किलोमीटरचा, मागे उंचच उंच काचेच्या इमारती. बघितला, चाललो, झालं. मला तरी त्यात जीव रमेना. संध्याकाळ ग्वांगाल्लीला काढा. समोर ग्वांगान पूल (२००३ साली सुरू झाला, सात किलोमीटरहून लांब) आणि दर शनिवारी रात्री ड्रोनचा खेळ. आमच्या वेळी आठला एक आणि दहाला एक असे दोन होते, हिवाळ्यात तासभर आधी असतात. वारा फार असेल तर रद्द होतो. अख्खी पुळण माणसांनी भरलेली, जो तो चटई, तळलेली कोंबडी आणि बिअर घेऊन बसलेला. मे असूनही वाऱ्याने कुडकुडलो, जाकीट न्या. हॉटेलच्या "सी व्ह्यू"मध्ये दोन इमारतींच्या फटीतून पुलाचा एक खांब दिसत होता. नाव नाही सांगत, पण बुक करताना लोकांनी काढलेले फोटो बघा, हॉटेलचे नको.

रविवार, पश्चिम. मेट्रोच्या पहिल्या लाइनवर थोसॉंग स्टेशन, तिथून छोटी बस चढ चढत गामछॉनला जाते. बस कसली, आपली वडापच, फक्त एसी. डोंगरउतारावर निळी, गुलाबी, पिवळी घरं पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली. "कोरियाचं सांतोरिनी" म्हणून विकतात, ते वाचून डोकं फिरतं. कोरियन युद्धाच्या काळात उत्तरेकडून आणि सोलकडून लाखो निर्वासित बुसानला आले. १९५० ते ५३ मधला बराच काळ बुसानच देशाची तात्पुरती राजधानी होती. सपाट जागा संपल्यावर माणसं डोंगर चढली. गामछॉनला थेगुक्दो नावाच्या एका पंथाचे अनुयायी मोठ्या संख्येने वसले. पुढच्या घराने मागच्याचा उजेड-वारा अडवायचा नाही अशा बेताने घरं चढत गेली, आज तीच मांडणी फोटोत सुंदर दिसते. रंग आणि चित्रं आली २००९ च्या कलाप्रकल्पापासून.

एका पुतळ्याशेजारी बसून फोटो काढायला तासाची रांग. आम्ही ती सोडून डोंगराच्या पलीकडे आमीदोंगला गेलो. चालत जाता येतं. तिथे जपानी राजवटीतलं जपान्यांचं स्मशान होतं. निर्वासितांनी त्यावरच घरं बांधली आणि थडग्यांचे दगड जोत्याला, पायरीला, भिंतीला वापरले. एका घराच्या गॅस सिलिंडरखाली कोरीव अक्षरांचा गुळगुळीत दगड आडवा घातलाय. बाजूला वाळत घातलेले मोजे, प्लास्टिकच्या कुंडीत कांद्याची पात. रांग नाही, दुकान नाही. बुसानमध्ये मला सगळ्यात जास्त काय आवडलं विचाराल तर ही गल्ली.

दुपारी जागालचीचा मासळीबाजार. खाली जिवंत मासळी, वरच्या मजल्यावर बसून खायचं. खाली मासा निवडायचा, वर कापून-शिजवून देण्याचे नि चटण्या-पाल्याचे माणशी वेगळे पैसे. हे वेगळे पैसे आधी विचारून घ्या, नाहीतर बिल बघून घेरी येते. माकूल, कालवं, बळ्यासारखी लांब चंदेरी गालची, आणि एक सोललेल्या सापासारखी वळवळणारी गोष्ट, जिच्याकडे मीसुद्धा फार वेळ बघू शकले नाही. विकायला सगळ्या बायका, रबरी बूट, गुलाबी हातमोजे आणि आवाज असा की मालवणच्या लिलावात उभ्या केल्या तर त्याच बोली जिंकतील. मी बाहेरच्या गल्लीत भाजलेला बांगडा खाल्ला (आपल्या बांगड्याचा मोठा भाऊ, बुसानचा अधिकृत शहर-मासा आहे). मीठ लावून भाजलेला, सोबत भात. तिरफळाची आठवण आली, पण तक्रार नाही.

नवऱ्याने समोरच्या नाम्फोदोंगला शीआत होत्तॉक खाल्ले. तेलात तळलेली गोड पोळी, मधे कात्रीने कापून आत सूर्यफुलाच्या वगैरे बिया नि दालचिनी-साखर भरतात. एक म्हणत तीन खाल्ले. मग स्टेशन, गाडी, घोरणं.

पोहेवाला

फोटूंशिवाय धागा फाउल!! बाकी वर्णन झकास. पोटवाल्या बुद्धाचा फोटो आधी टाका.

उल्सानकर

छान लिहिलंय, पण पूर्व-पश्चिमेच्या वारांवर माझं उलट मत. पश्चिम शनिवारी करा. यॉंगदो बेटाकडे जाणारा जुना पूल शनिवारी दुपारी दोनला उचलतात (जायच्या आधी वेळ एकदा तपासा). १९३४ चा पूल आहे. १९६६ मध्ये उचलणं बंद झालं होतं, २०१३ मध्ये पुन्हा सुरू केलं. पंधराएक मिनिटांचा प्रकार. युद्धात ताटातूट झालेली माणसं "बुसानला पोचलो तर यॉंगदो पुलावर भेटू" असं ठरवून निघायची, कारण बुसानमधली दुसरी कुठली जागा त्यांना ठाऊकच नसायची. पुलाखाली ज्योतिष्यांची रांग बसायची, आपलं माणूस जिवंत आहे का हे विचारायला. जागालचीतून चालत पाच-दहा मिनिटं. एवढ्या जवळ जाऊन तुम्ही तो बघितला नाहीत म्हणून जीव हळहळला.

दुसरं, योंगगुंगसाला जायला बसपेक्षा दोंगहे लाइनची लोकल बरी. ओसिरिया स्टेशनला उतरून टॅक्सी किंवा पायी. हीच लाइन २०२१ पासून आमच्या उल्सानपर्यंत येते, त्यामुळे इथले लोक बुसानला उठसूट जातात.

एकशिपी

@उल्सानकर, पुलाचं माहीत होतं, पण मग ड्रोनचं काय? पश्चिम करून, सामान टाकून आठच्या आत ग्वांगाल्लीला पुळणीवर जागा मिळेल?

उल्सानकर

दहाचा खेळ बघायचा. आठला आलेले उठतात, मग चटई टाकायची.

एकशिपी

हे बरोबर आहे. धाग्यात बदल करत नाही, पण वाचणाऱ्यांनी उल्सानकरांचं ऐका.

जोशीकाकू

लेख आवडला. लेक-जावई देजॉनला आहेत, आम्ही दोघं सप्टेंबरात जाणार आहोत. ह्यांचे गुडघे आणि माझं शाकाहारी खाणं या दोन गोष्टी सांभाळून बुसान होईल का? तुमच्या मिस्टरांनी दोन दिवस नक्की काय खाल्लं? होत्तॉकवर माणूस किती जगणार?

एकशिपी

काकू, नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं तर समोर मासे येतात, हे गृहीत धरा. किमचीत बहुतेक वेळा माशाचं किंवा कोलंबीचं खारवण असतं. सुपाचं पाणी सुक्या मासळीचं. किम्बाप (समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल) मागितला तर हॅम, अंडं, फिशकेक सगळं असतं, पण रोल समोर बांधतात, तेव्हा उभं राहून काढायला सांगता येतं. नवऱ्याच्या फोनमध्ये कोरियनमध्ये लिहिलेली एक यादी आहे: मांस नको, मासे नको, अंडं नको, माशाचा सॉस नको. लेकीकडून लिहून घ्या. बिबिम्बाप (वर भाज्या घातलेला भात) मांस-अंड्याशिवाय मागा आणि वरची लाल चटणी वेगळी मागा, कधी कधी तिच्यात खिमा परतलेला असतो. उन्हाळ्यात सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवया मिळतात, कोंग्गुक्सू म्हणतात. बुसानची स्वतःची प्रसिद्ध खाणी, द्वेजी गुकबाप आणि मिलम्यॉन, दोन्ही तुमच्या कामाची नाहीत. पहिलं डुकराच्या मांसाचं सूप-भात, दुसऱ्यातलं पाणीसुद्धा मांसाचं. हेउंदेच्या बाजूला भारतीय हॉटेलं आहेत, शनिवारी रात्री आम्ही तिथूनच दाल-रोटी बांधून आणून पुळणीवर खाल्ली.

गुडघ्यांचं म्हणाल तर योंगगुंगसाच्या १०८ पायऱ्या जाताना उतरायच्या नि येताना चढायच्या आहेत. गामछॉन म्हणजे नुसता चढउतार. काकांना बीच ट्रेन, ग्वांगाल्ली आणि सोंगदोची केबल कार करा. ती समुद्रावरून दीडेक किलोमीटर जाते. सप्टेंबरात वादळांचा काळ असतो, हवामान बघून तिकीट काढा.

चाकणचा_बबन

आमच्या कंपनीतले कोरियन साहेब बुसानचे आहेत. पुण्यात येऊन वडापाव खातात आणि म्हणतात तिखट कमी आहे. त्यांना हा धागा भाषांतर करून दाखवला, आमीदोंगचं वाचून म्हणाले, सोलच्या लोकांनी तिथपर्यंत जाणं हीच बातमी आहे.

खलाशी_रत्नांग्री

बुसानला जहाजावरून बऱ्याचदा गेलोय. पूर्वी जहाज जुन्या बंदराला लागायचं, गोदीच्या गेटातून बाहेर पडलं की शहरच. स्टेशनसमोर छोर्यांगची गल्ली, रशियन पाट्या, फोनकार्डं विकणारी दुकानं, आमच्यासारख्या खलाशांची जत्रा. आता मोठी कंटेनर जहाजं नव्या बंदराला जातात, ते पश्चिमेला लांब. तिथून शहरात यायचं तर जाण्या-येण्यातच वेळ जातो आणि हल्ली बोट काही तासांत मोकळी होऊन निघते. नवी पोरं पासपोर्टवर बुसानचा शिक्का मिरवतात, पण बघितलेली असते फक्त क्रेन. तुम्ही जागालची बघितलीत, नशीबवान आहात. त्या सापासारख्या प्रकाराचं नाव कोमजांगॉ. कातडं काढून तिखटात परततात. खाऊन बघायला हवा होतात.

एकशिपी

दादा, मी शार्क खाल्लेली मुलगी आहे, पण ते सोललेलं असूनही हलत होतं हो.

टवाळ_टग्या

एक शंका. गरिबांची वस्ती रंगवायची, बस भरभरून लोक आणायचे, मग त्यांच्या खिडक्यांचे फोटो काढायचे. धारावीत फिरवणाऱ्या परदेशी टूरवर इथेच दोनशे प्रतिसादांची मारामारी झाली होती. तिथे असते ती पिळवणूक आणि कोरियात गेलं की "संस्कृती" होय?

एकशिपी

प्रश्न रास्त आहे. गामछॉनमध्ये जागोजागी पाट्या आहेत: हळू बोला, इथे माणसं राहतात. तरी लोक उघड्या दारातून डोकावतात, बघितलं मी. धारावीशी फरक एवढाच वाटतो की इथे पैसा फिरवणारी टूर कंपनी मध्ये नाही. तुम्ही बसने जाता, नकाशा विकत घेता, चहा पिता. त्याने तिथल्या आजीला काय मिळतं हे मला सांगता येणार नाही. आमीदोंगमध्ये आम्ही फोटो फक्त दगडांचे काढले, माणसांचे नाही. ते दगडही कुणाच्या तरी थडग्याचे आहेत म्हणा. म्हणजे तिथे कॅमेरा काढणं दोन्हीकडून अवघडच.

टवाळ_टग्या

प्रामाणिक उत्तराबद्दल एक वडापाव लागू. पण माझं मत तेच.

जुना_शिलालेख

धागा बुसानचा आहे आणि अजून कुणी "अयोध्येची राजकन्या" काढली नाही, याचं आश्चर्य वाटतंय. कुणी काढायच्या आत मीच काढतो. शेजारच्या गिम्हेला गाया या प्राचीन राज्याचा राजा सूरो आणि राणी हॉ ह्वांगओक यांच्या समाध्या आहेत. तेराव्या शतकातल्या सामगुक युसा या ग्रंथात ती इ.स. ४८ मध्ये "आयुता" देशातून जहाजाने आली असं आहे, म्हणजे घटना आणि नोंद यांत बाराशे वर्षांचं अंतर. आयुता म्हणजे अयोध्या, हे नावाच्या साम्यावरून. त्या काळात अयोध्येला साकेत म्हणत, हा एक आक्षेप. थायलंडचं अयुथया म्हणावं तर ते शहर १३५० मध्ये वसलं, ग्रंथाच्याही नंतर.

माझा मुद्दा वेगळाच आहे. धागाकर्तीने योंगगुंगसाचा संस्थापक म्हणून ज्या नाओंगचं नाव घेतलं, त्याचा गुरू खरोखरचा भारतीय होता. कोरियन त्याला जिगोंग म्हणतात, संस्कृत नाव ध्यानभद्र. मगधाकडचा. १३२६ मध्ये कोरियात आला, दोनेक वर्षं राहिला, पुढे चीनच्या युआन घराण्याच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बीजिंगला, नाओंग त्याच्याकडे शिकला. सोलच्या उत्तरेला यांगजूमध्ये ह्वेआमसा मठाच्या जागी गुरु-शिष्यांचे स्तूप आहेत. दंतकथेतल्या राणीसाठी अयोध्येत २००१ मध्ये स्मारक उभं राहिलं, हाडामांसाचा भिक्षू मात्र आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही.

सरयूतीर

सगळ्याच श्रद्धांना पुरावे मागायचे नसतात. गिम्हेच्या किम आणि हॉ कुळातली लाखो माणसं तिला आजी मानतात. मी स्वतः गेलोय. राणीच्या समाधीजवळ लाटा शांत करायला जहाजातून आणलेल्या दगडांचा लहानसा पासा स्तूप आहे, राजाच्या समाधीच्या दारावर समोरासमोर दोन मासे रंगवलेत. बुसानच्या सासांग स्टेशनवरून हलकी मेट्रो थेट जाते, विमानतळही त्याच वाटेवर. अर्ध्या दिवसाचं काम. जा आणि मग ठरवा.

जुना_शिलालेख

जायला माझी ना नाही. गिम्हेचं राष्ट्रीय संग्रहालय तर चुकवूच नये. गायाच्या काळातली लोखंडी चिलखतं आहेत तिथे.

पोहेवाला

धाग्याचं काश्मीर होण्याआधी फोटो टाका हो ताई.

माजी_सैनिक_सातारा

मुली, लेख चांगला लिहिलास. एक जागा राहिली, पुढच्या वेळी जा. देयॉन स्टेशनजवळ संयुक्त राष्ट्रांची युद्धदफनभूमी आहे, १९५१ पासूनची. अनेक देशांचे सुमारे २,३०० सैनिक तिथे आहेत. तिथे भारताचाही ध्वज फडकतो. भारताने त्या युद्धात लढाऊ फौज पाठवली नाही, ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स पाठवली. नोव्हेंबर १९५० मध्ये ती बुसानलाच उतरली. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. मार्च १९५१ मध्ये अमेरिकन छत्रीधारी तुकडीबरोबर मुनसानला यांच्यातल्या डॉक्टर-जवानांनीही उड्या टाकल्या. रंगराजांना महावीरचक्र मिळालं. प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवलं जायचं, पण बुसान म्हणजे आमच्यासाठी नकाशावरचं "पुसान" एवढंच होतं. दर ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता जगभरातले जुने सैनिक बुसानच्या दिशेने तोंड करून उभे राहतात.

एकशिपी

काका, हे अजिबात माहीत नव्हतं. देयॉन स्टेशन ग्वांगाल्लीच्याच लाइनवर आहे, म्हणजे रविवारी सकाळी पश्चिमेला जाताना वाटेत उतरता येईल. नवऱ्याने आत्ताच कॅलेंडरमध्ये ११ नोव्हेंबर टाकला.

उल्सानकर

जाल तर छोटी सूचना: आत मोठ्याने बोलणं, खाणं, पोझ देऊन फोटो नको. पहारेकरी लगेच हटकतात. गुलाब मे-जूनमध्ये फुललेले असतात.

नवीन_सभासद_पूनम

पहिलाच प्रतिसाद. आम्हीही नवरा-बायको आहोत, नुकतेच सोलला आलोय, तुमचा धागा घेऊनच जाणार. दोन शंका. गूगल मॅप्स तिथे नीट रस्ता दाखवेल का, सोलमध्ये तर डोक्याला ताप झालाय. आणि छुसॉकच्या (कोरियन सुगीच्या सणाच्या) सुट्टीत जावं म्हणतोय, लांब सुट्टी मिळतेय.

एकशिपी

स्वागत पूनम! गूगल सोडून दे, नेव्हर मॅप टाक. बसचे थांबे, कुठल्या दारातून बाहेर पडायचं, चढ किती, सगळं सांगतो. टॅक्सीला काकाओचं अॅप. सोलचं टी-मनी कार्ड बुसानच्या मेट्रोत नि बसमध्ये चालतं.

छुसॉकला मात्र नको गं. अख्खा देश गावी निघालेला असतो, केटीएक्सच्या त्या तिकिटांचं बुकिंग वेगळ्या दिवशी आधीच उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. आणि पोचलात तरी त्या दिवशी दुकानं बंद.

नवीन_सभासद_पूनम

अय्या, मग ऑक्टोबरचा शेवट?

उल्सानकर

उत्तम. हवा कोरडी, आकाश निळं. फक्त ग्वांगाल्लीच्या आतषबाजीचा शनिवार कधी आहे ते बघा. त्या रात्री खोल्यांचे भाव तिप्पट होतात नि मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. आणि जागालचीला गेलात तर वर बसायचे पैसे आधी विचारा.

एकशिपी

फोटो चढले एकदाचे. पोहेवाला, पहिलाच बुद्धाच्या पोटाचा आहे. हात नवऱ्याचा.